मुद्दल राखणारा किनारा

व्यापारी घरातील मुलाला मुद्दल आणि व्याज यांतला भेद शाळेत जाण्यापूर्वीच उमगलेला असतो. व्याजावर संसार चालवावा, मुद्दलाला हात लावू नये, ही शिकवण त्याच्या कानांवर दुकानाच्या गादीवरच पडते. सोलापूर जिल्ह्यातील एका आडत दुकानदाराच्या कन्येला मात्र हाच धडा पुन्हा एकदा गिरवावा लागला, आणि तोही सातासमुद्रांपलीकडे, मध्यरात्रीच्या काळोखात, कॅरिबियन बेटावरील एका ओल्या किनाऱ्यावर.

पुण्यात कृषी अर्थशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेत असताना तिला एका सत्रासाठी त्रिनिदादला जाण्याची संधी मिळाली. घरात प्रथम शांतता पसरली आणि मग प्रश्न सुरू झाले. वडिलांचा प्रश्न व्यवहाराचा होता, "शेतमालाचा अभ्यास करायला इतक्या दूर कशाला?" आजीचा प्रश्न त्याहून अवघड होता, "तिथे खाशील काय, बाळ?" आजोबांनी तेवढा तिचा पक्ष घेतला. सुनील गावसकरांनी आपला पहिला कसोटी सामना १९७१ मध्ये पोर्ट ऑफ स्पेनलाच खेळला, हे त्यांच्या पक्के स्मरणात होते. ज्या गावी आपला माणूस धावा काढून आला, ते गाव परके कसे, हा त्यांचा युक्तिवाद. अखेर जानेवारीत ती लंडनमार्गे निघाली.

वेस्ट इंडीज विद्यापीठाचा प्रारंभ १९४८ मध्ये जमैकात झाला आणि १९६० मध्ये त्रिनिदादमधील सेंट ऑगस्टीन येथील जुने उष्णकटिबंधीय कृषी महाविद्यालय त्यात विलीन झाले. अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक १९७९ मध्ये ज्यांना मिळाले, ते सेंट लुशिया बेटाचे सुपुत्र आर्थर लुईस हे या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू. तिचा अभ्यासविषय होता कोको. अठराव्या शतकात, १७२७ च्या सुमारास, त्रिनिदादमधील कोकोच्या बागा एका आपत्तीत उद्ध्वस्त झाल्या. काही दशकांनी बाहेरून दुसऱ्या जातीची रोपे आणली गेली. जुन्यातून वाचलेली झाडे आणि ही नवी रोपे यांच्या संकरातून 'त्रिनितारिओ' ही सुगंधी जात निर्माण झाली, आणि आज जगभरात तिला मान आहे. विद्यापीठाने कोकोच्या दोन हजारांहून अधिक वाणांची झाडे एका विस्तीर्ण बागेत जतन केली आहेत. उद्या नवा रोग आला, तर त्याला तोंड देणारे बीज याच बागेतून शोधायचे. "ही बाग आम्ही विकण्यासाठी लावलेली नाही," असे तेथील प्राध्यापकांनी पहिल्याच दिवशी सांगितले. तिने वहीत शेजारी एकच शब्द लिहिला, 'मुद्दल'.

आजीच्या प्रश्नाचे उत्तर मात्र सोपे नव्हते. त्या बेटांवर सामान्य माणसाचे पोट भरते ते सुरण, अळकुड्या, कसावा, रताळी अशा जमिनीखालच्या पिकांवर. तेथे या सर्वांना मिळून 'प्रोव्हिजन' म्हणतात, आणि कंदमूळ वर्ज्य असलेल्या मुलीने पहिल्या आठवड्यात जवळजवळ केळी आणि भात यांवरच दिवस काढले. ती राहत होती ते घर भारतीय वंशाच्या कुटुंबाचे होते. ३० मे १८४५ रोजी 'फतेल रझाक' हे जहाज करारबद्ध मजुरांना घेऊन त्रिनिदादला लागले. पुढे १९१७ पर्यंत १,४०,००० हून अधिक भारतीय, बहुतांशी बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशातील, उसाच्या मळ्यांवर राबण्यासाठी तेथे आले. त्यांची भोजपुरी आता घरांतून जवळजवळ लोपली आहे. पण वांग्याला 'बैगन', चवळीच्या लांब शेंगांना 'बोडी', चुलीवर भाजून कुस्करलेल्या भाजीला 'चोखा' हे शब्द तेथे इंग्रजी बोलतानाही सहज येतात. त्या घरातील नातवंडे वडिलांच्या आईला हाक मारत 'आजी'. ती हाक पहिल्यांदा कानी पडली, तेव्हा स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या या मुलीचे डोळे भरून आले.

त्या आजींनी तिचा नियम ऐकून घेतला आणि फारशी चर्चा न करता कामाला लागल्या. अळकुड्या नकोत, तर अळूची पाने चालतील. रताळे नको, तर झाडावरचे 'ब्रेडफ्रूट' म्हणजे विलायती फणस चालेल. हे झाड १७९३ मध्ये कॅप्टन ब्लाय यांनी ताहिती बेटावरून गुलामांच्या स्वस्त अन्नाची सोय म्हणून वेस्ट इंडीजला आणले होते. कोणाच्या तरी लाचारीतून आलेले ते फळ आता एका मुलीचा नियम सांभाळत होते. बेट विषुववृत्ताच्या जवळ असल्याने सूर्य वर्षभर सहाच्या आसपास मावळतो, त्यामुळे सूर्यास्तापूर्वीचे जेवणही जमू लागले. संध्याकाळी सात वाजता ती घरी फोन लावी. तेव्हा भारतात पहाटेचे साडेचार वाजलेले असत आणि आजी नुकतीच उठलेली असे.

एके दिवशी त्या घरात दहा-बारा शेजारणी जमल्या, प्रत्येकीने ठरलेली रक्कम दिली आणि सगळी रक्कम एकीच्या हाती पडली. पुढच्या महिन्यात पाळी दुसरीची. या पद्धतीला तेथे 'सू-सू' म्हणतात. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांनी ती सोबत आणली आणि पुढे सर्वांनीच आपली मानली. वडिलांना हे कळवताच त्यांनी फोनवरच हसून विचारले, "म्हणजे भिशीच की! लिखापढी?" लिखापढी नव्हती. होता तो केवळ शब्द, आणि तो मोडणाऱ्या व्यक्तीला पुन्हा कोणी घेत नसे.

परीक्षा आटोपल्यावर मे महिन्यात ती ईशान्य किनाऱ्यावरील मातुरा या गावी स्वयंसेवक म्हणून गेली. मार्च ते ऑगस्ट या काळात तेथे लेदरबॅक जातीची समुद्री कासवे अंडी घालण्यासाठी येतात. एकेका मादीचे वजन तीनशे ते पाचशे किलो. ती रात्री वाळूत खड्डा करते, त्यात ऐंशीच्या आसपास अंडी घालते, खड्डा बुजवते आणि पहाटेपूर्वी समुद्रात परत जाते. एकेकाळी याच किनाऱ्यावर त्यांची मांसासाठी सर्रास कत्तल होत असे. १९९० मध्ये शासनाने रात्रीच्या वेळी किनाऱ्यावर मुक्त प्रवेश बंद केला आणि त्याच वर्षी गावकऱ्यांनीच 'नेचर सीकर्स' ही संस्था उभी केली. २०११ मध्ये देशभर समुद्री कासवांच्या शिकारीवर बंदी आली. आज याच गावचे लोक पहारा देतात, पाहुण्यांना परवान्यानिशी कासव दाखवतात आणि त्यावर कित्येक घरांची चूल पेटते.

जाताना तिच्या मनात सेवेचा थोडा अभिमान होता, हे तिने पुढे स्वतःच कबूल केले. पहिल्याच दिवशी तो उतरला. राहण्याचे आणि जेवणाचे पैसे तिला स्वतःलाच भरावे लागले. नवख्या हातांचा उपयोग कमी आणि त्यांना शिकवण्याचा भारच अधिक, हा हिशेब तिला पटला. तिच्या वाट्याला काम आले ते लाल दिवा धरण्याचे आणि नोंदवही लिहिण्याचे. पांढऱ्या उजेडाने कासव बिचकते आणि पिले वाट चुकतात, म्हणून लाल दिवा. मादी अंडी घालण्यात गुंतली की मार्गदर्शक तिच्या मागच्या वल्ह्यासारख्या पायावरील धातूच्या बिल्ल्याचा क्रमांक वाचत, फितीने पाठ मोजत आणि आकडे सांगत. एकदा पावसाच्या आवाजात एक आकडा ऐकू आला नाही आणि तिने तो अंदाजाने लिहिला. मार्गदर्शकांनी दिवा जवळ घेऊन नोंद पाहिली आणि ती खोडली. "ऐकू आले नाही, तर जागा मोकळी सोड. चुकीच्या आकड्यापेक्षा मोकळी जागा बरी." तीन पिढ्यांच्या खतावण्या ज्या घरात जपून ठेवलेल्या आहेत, त्या घरच्या मुलीला याहून अधिक काही सांगावे लागले नाही.

हे मार्गदर्शक पन्नाशीचे गृहस्थ होते. लहानपणी ते याच किनाऱ्यावर वडिलांबरोबर येत, तेव्हा हातात दिवा नव्हे, कोयता असे. हे सांगताना त्यांनी काही लपवले नाही आणि वडिलांना दोषही दिला नाही. "घरी खाणारी तोंडे सहा होती," एवढेच ते म्हणाले. मग जरा थांबून त्यांनी पुढे सांगितले, "एक कासव मारले तर दोन दिवस पुरत असे. जिवंत ठेवले, तर माझ्या नातवालाही पुरेल."

मे अखेरच्या एका पहाटे मार्चमध्ये घातलेल्या अंड्यांतून पिले बाहेर पडली. तळहातावर मावतील एवढी ती पिले समुद्राकडे सरपटू लागली. काळी गिधाडे टपलेलीच होती. तिच्या डोळ्यांदेखत त्यांनी एक पिलू उचलले. ती धावली, दुसरे पिलू हातात घेतले आणि पाण्याकडे निघाली. मार्गदर्शकांनी तिला थांबवले. वाळूवरचा तो प्रवास पिलाने स्वतःच करावा लागतो, त्यातूनच त्याची जन्मकिनाऱ्याशी ओळख जुळते असे अभ्यासक मानतात. तिने पिलू खाली ठेवले, पण रडू आवरेना. जीव वाचवणे आणि हात न लावणे या दोन्ही गोष्टी एकदम कशा साधायच्या?

"उचलू नकोस," ते म्हणाले, "नुसती शेजारी उभी राहा. माणूस उभा असला की गिधाडे खाली उतरत नाहीत."

तासभर ती तशीच उभी राहिली. एकेक पिलू लाटेत दिसेनासे होईपर्यंत तिने पाऊल हलवले नाही. मग तिने घरी फोन लावला. भारतात दुपार टळत होती. आजीने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, "उचलले नाहीस ते बरे केलेस. तू चालायला शिकलीस, तेव्हा आम्हीही असेच शेजारी उभे होतो."

अलीकडे अनेक घरांतील मुले स्वयंसेवेसाठी परदेशी जाऊ लागली आहेत. कर्ज देण्यापूर्वी बँक चौकशी करते, तशी चौकशी पालकांनीही करावी. हे काम मुळात कोणाचे आहे? मूल परत आल्यावर ते कोण चालवणार? भरलेल्या पैशातला किती भाग त्या गावात राहणार? मातुराचे काम गावाचे होते, ते कोणा पाहुण्यावाचून अडणारे नव्हते, म्हणूनच तेथे शिकण्यासारखे काही होते. दया मनात असतेच. तिला कामाची रीत मात्र शिकवावी लागते, आणि ती रीत ज्यांनी आयुष्य त्या जागी काढले, त्यांच्याकडेच असते.

निघताना मार्गदर्शकांनी विचारले होते, "तुमच्याकडे कासवे येतात का?" तिने ठामपणे 'नाही' म्हटले होते. परत आल्यावर तिला कळले की रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास येथे ऑलिव्ह रिडले कासवे येतात आणि २००२ पासून तेथे 'सह्याद्री निसर्ग मित्र' या संस्थेच्या पुढाकाराने गावकरीच त्यांची अंडी राखत आहेत. आपल्याच राज्यातली नोंद आपण अंदाजाने लिहिली, याची तिला लाज वाटली. पुढच्या मार्चमध्ये ती वेळासला गेली, तेव्हा आजीही हट्टाने गाडीत बसली. सूर्योदयाच्या वेळी पिले सोडण्यात आली. दोरीच्या अलीकडे, काठीवर भार देऊन, आजी शेवटचे पिलू पाण्यात जाईपर्यंत उभी होती.