हाताची नाडी पाहता, मग पायाची का नको?

आपल्याकडे पेशंट दवाखान्यात आला, की स्टुलावर बसता बसता डॉक्टरांपुढे मनगट करतो. नाडी पाहिल्याशिवाय त्याचे समाधान होत नाही. पण तक्रार पायाची असतानाही चप्पल काढून "डॉक्टर, इथली नाडी पाहा" असे म्हणणारा पेशंट मला तीस वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये भेटलेला नाही. खरे सांगायचे तर आम्ही डॉक्टर मंडळीही ती आपणहून पाहतोच असे नाही. बारामती-इंदापूर भागातील काही पाय केवळ एवढ्याशा हलगर्जीपणामुळे गमावले जातात, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसऱ्यांना नावे ठेवण्याआधी माझीच चूक सांगतो. इंदापूर तालुक्यातील एक शेतकरी, वय पंचावन्नच्या आसपास, दिवसाला विडीचे बंडल संपवणारा. तक्रार अशी, की शेताकडे निघाले की दोनशे पावलांवर डाव्या पोटरीत गोळा येतो. पाच मिनिटे उभे राहिले की दुखणे थांबते. पुन्हा दोनशे पावलांवर तेच. मी मणक्याचा एक्स-रे काढायला लावला. त्या वयात मणक्याची थोडीफार झीज कोणाच्याही फोटोत दिसते. मी "नस दबली आहे" असे सांगून कमरेचा पट्टा आणि वेदनाशामक गोळ्या दिल्या. तीन महिन्यांनी तो आला तेव्हा अंगठा काळा पडला होता. त्या दिवशी मी प्रथमच त्याच्या पायाला बोटे लावली. नाडी लागत नव्हती. पुण्याला पाठवले, पण उशीर झाला होता. आधी अंगठा गेला, मग गुडघ्याखालचा पाय गेला. त्याने मला कधी बोल लावला नाही, म्हणूनच ती गोष्ट मला अधिक टोचते.

घोटाळ्याचे मूळ 'नस' या शब्दात आहे. आपण सगळ्यालाच नस म्हणतो. पण हृदयाकडून शुद्ध रक्त आणणारी ती रोहिणी, म्हणजे धमनी. अशुद्ध रक्त परत नेणारी ती नीला, म्हणजे शीर. आणि मेंदूकडे संदेश नेणारा तो मज्जातंतू. मणक्यात दबतो तो मज्जातंतू. माझ्या पेशंटची चोंदली होती ती रोहिणी. रोग वेगळा, उपाय वेगळा.

रोहिणीच्या आतल्या बाजूस चरबीचा थर साचत जातो, तशी ती अरुंद होते. बसल्या जागी पायाला लागणारे रक्त कसेबसे पुरते. चालू लागले की स्नायूला कितीतरी जास्त रक्त लागते. ते मिळाले नाही की पोटरी ओरडते. थांबले की ओरड बंद. ही खूण माणसाआधी जनावरात ओळखली गेली. फ्रान्समध्ये बूले या पशुवैद्याने १८३१ साली चालता चालता लंगडणाऱ्या आणि विसाव्याने बऱ्या होणाऱ्या घोड्याच्या मागच्या पायांच्या रोहिण्या चोंदलेल्या असल्याचे दाखवले. शार्को या डॉक्टरने माणसातील असाच आजार १८५८ साली वर्णन केला. इतकी जुनी ही माहिती आहे.

तेव्हा 'किती दुखते' यापेक्षा 'किती अंतरावर दुखते' हे सांगा. आषाढात तुकोबांची पालखी बारामतीहून सणसर, निमगाव केतकी, इंदापूर करीत सराटीकडे जाते. जो माणूस पाच वर्षांपूर्वी पालखीबरोबर मुक्काम गाठत होता, तो आज विजेच्या दर दुसऱ्या खांबापाशी उभा राहत असेल, तर ते वयाचे म्हणून सोडून देऊ नका. पुढची पायरी म्हणजे रात्री झोपल्यावर पाऊल ठणकणे. असा माणूस पाय खाटेखाली लोंबकळत सोडतो, तेव्हा त्याला बरे वाटते. हे लक्षण दिसले की एक आठवडाही वाया घालवू नये.

पायाची नाडी पाहणे अवघड नाही. एक नाडी पावलाच्या वरच्या बाजूस, अंगठा आणि शेजारचे बोट यांच्या रेषेत मधोमध लागते. दुसरी आतल्या घोट्याच्या मागे. दोन बोटे हलकेच ठेवावीत, दोन्ही पाय ताडून पाहावेत. काही निरोगी माणसांतही पावलावरची नाडी लागत नाही, म्हणून एकदम घाबरू नये. पण शंका आली तर डॉक्टरांकडून खात्री करून घ्यावी. दंडातील आणि घोट्याशी असलेला रक्तदाब मोजून भागाकार करतात. दंडात १४० आणि घोट्याशी ८४ असेल, तर आकडा येतो ०.६. तो ०.९ पेक्षा कमी असेल तर रोहिणीत अडथळा आहे असे समजतात. मधुमेह्यांच्या रोहिण्या कडक झालेल्या असतात, त्यामुळे हा आकडा फसवा निघू शकतो. तिथे कलर डॉपलर तपासणी करावी लागते.

उपचारात पहिला क्रमांक तंबाखूबंदीचा. विडी, सिगारेट, तंबाखू-चुना आणि आमच्या मायबहिणींची मिश्रीसुद्धा. "एवढी एकच सवय आहे, डॉक्टर" असे म्हणणाऱ्याला मी विचारतो, पाय तरी किती आहेत? चाळिशीच्या आतल्या विडीबाज तरुणांना बर्जर नावाचा आजार होतो. १९०८ साली अमेरिकेत लिओ बर्जर यांनी त्याचा अभ्यास मांडला, म्हणून हे नाव. यात तंबाखू पूर्ण सोडणे हाच पाय वाचवण्याचा खरा उपाय. दिवसाला एक-दोन विड्याही घात करतात. दुसरा उपाय चालणे. दुखेपर्यंत चालावे, थांबावे, पुन्हा चालावे. रोज अर्धा-पाऊण तास, निदान तीन महिने. पायाला जखम असेल किंवा बसल्या जागी दुखत असेल, तर मात्र हा व्यायाम करू नये. रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल यांची औषधे, रक्ताची गुठळी न होऊ देणारी गोळी, हे सर्व डॉक्टरांच्या सल्ल्याने. एवढ्याने भागले नाही तर फुग्याने रोहिणी रुंद करणे किंवा बायपास शस्त्रक्रिया आहेच. पण त्यासाठी पाय जिवंत असताना पोहोचायला हवे.

पाय एकाएकी पांढरा, गार आणि बधिर पडला, असह्य दुखू लागला, तर ती तासांची गोष्ट आहे. साधारण सहा तासांच्या आत रक्त सुरू झाले तर पाय वाचण्याची आशा चांगली. हृदयाच्या झडपेचा आजार किंवा ठोक्यांची अनियमितता असणाऱ्यांत हृदयातील गुठळी पायात येऊन अडकते. शेक देत, तेल चोळत सकाळची वाट पाहू नका. मोठ्या रुग्णालयाला आधी फोन करून तडक निघा.

शिरांचे आजार याच्या उलट वागतात. एसटीचे कंडक्टर, शिक्षक, आचारी, केस कापणारे कारागीर दिवसभर उभे असतात. शिरांमधील झडपा निकामी होतात, रक्त खाली साचते, पोटरीवर निळ्या गाठाळ शिरा दिसतात. संध्याकाळी पाय जड होतो आणि उशीवर उंच ठेवला की बरे वाटते. दुर्लक्ष केले तर आतल्या घोट्यापाशी जखम होते. मग माणूस वर्षानुवर्षे मलमे बदलत बसतो. ती मलमाने नव्हे, तर योग्य दाबाच्या पट्टीने आणि बिघडलेल्या शिरेच्या उपचाराने भरते. पण इथेही तोच नियम: घट्ट पट्टी बांधण्याआधी नाडी पाहा. रोहिणी चोंदलेल्या पायाला आवळून पट्टी बांधली तर पाय काळा पडू शकतो.

बाळंतपण, ऑपरेशन किंवा प्लॅस्टरनंतर एकच पाय सुजला आणि दुखू लागला, तर खोल शिरेत गुठळी झाल्याची शंका घ्यावी. बाळंतिणीच्या अशा पायाला मालिश करणे जिवावर बेतू शकते, कारण गुठळी सुटून फुप्फुसात जाते. डॉपलर करून रक्त पातळ करणारी औषधे किमान तीन महिने घ्यावी लागतात.

आणखी एक ताकीद मधुमेह्यांना. त्यांचे पाय बधिर असतात. "दुखत नाही, म्हणजे बरे आहे" हा हिशेब त्यांना लागू नाही. थंडीत शेकोटीपुढे किंवा गरम विटेवर पाय ठेवून भाजून घेतलेले कितीतरी पेशंट मी पाहिले आहेत.

बारामतीत २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. आता प्रत्येक दुखण्याला पुणे गाठावे लागू नये, ही अपेक्षा गैर नाही. माझी मागणी साधी आहे. मधुमेहाच्या प्रत्येक रुग्णाचे पायमोजे काढून वर्षातून एकदा तरी दोन्ही नाड्या पाहाव्यात आणि केसपेपरवर लिहाव्यात. तालुक्याच्या प्रत्येक सरकारी रुग्णालयात हातात मावणारे डॉपलर यंत्र असावे. पालखीतील आरोग्य तंबूंत वारकऱ्यांच्या पायांना तेल लावतात, फोडांना पट्टी बांधतात. तिथेच नाडीही पाहावी. शस्त्रक्रियेची वेळ आली तर महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत आपला उपचार बसतो का, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राला आधी विचारावे.

आणि वाचकहो, सरकारची वाट न पाहता एक काम आज रात्रीच करा. घरात कोणी विडी ओढत असेल, कोणाला साखर असेल, तर त्यांचे पाय चेपायला बसाल तेव्हा आधी पावलावर दोन बोटे ठेवा. ठोका लागला तर छान. नाही लागला तर सकाळी दवाखान्यात या. येताना जुना एक्स-रे विसरलात तरी चालेल. पण आल्यावर आधी चप्पल काढा, मनगट नंतर.