दिवाडीचे चर्च ‘पोर्तुगीज’ म्हणावे का?

१/ जुन्या गोव्यासमोर, मांडवीच्या पात्रात दिवाडी नावाचे बेट आहे. त्यावरील पिएदादच्या टेकडीवर एक पांढरेशुभ्र चर्च उभे आहे. ‘पोर्तुगीजांनी बांधलेले जुने चर्च’ एवढ्यावर त्याची ओळख बहुधा आटोपते. ही ओळख अपुरी आहे आणि काही अंशी चुकीचीही आहे.

२/ आधी बेटाविषयी. कदंबांच्या काळात दिवाडी हे मोठे तीर्थक्षेत्र होते. राजघराण्याचे आराध्यदैवत सप्तकोटेश्वर येथेच, बेटाच्या नार्वे भागात होते. कदंब राजे आपल्या बिरुदांतही या देवाचा उल्लेख करीत. पिएदादच्या टेकडीवरही कदंबकालीन देऊळ होते. ते गणपतीचे असावे, असे परंपरा सांगते.

३/ १५१० मध्ये आफोंसो द आल्बुकेर्कने गोवा जिंकला. १५४० च्या सुमारास तिसवाडीतील देवळे पाडण्यात आली. दिवाडीही त्यातून सुटली नाही. पुढच्याच वर्षी देवळांच्या जमिनींचे उत्पन्न ख्रिस्ती संस्थांकडे वळवण्यात आले. म्हणजे देव गेले, तरी गावाची जमीन आणि तिच्यावर राबणारे हात तेच राहिले.

४/ या घटनेची खूण अजूनही टेकडीवर आहे. चर्चलगतच्या दफनभूमीत एक लहानसे चॅपेल असून त्यात जुन्या देवळाचे अवशेष टिकून आहेत. छताच्या दगडावरील कोरीवकाम कदंबकालीन आहे. ज्यांना कागदपत्रे वाचता येत नाहीत, त्यांच्यासाठी हा दगडच दस्तऐवज आहे.

५/ सप्तकोटेश्वराचे लिंग भक्तांनी नदीपार, डिचोलीच्या बाजूला नेले. तिथल्या गावाचे नावही नार्वेच. १६६८ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांनी तेथील देवालयाचा जीर्णोद्धार करवला. तसा शिलालेख देवळाच्या दारावर आहे. मराठी वाचकाला कथेचा हा भाग ठाऊक असतो. बेटावर पुढे काय घडले, ते मात्र सहसा सांगितले जात नाही.

६/ टेकडीवरील आजची इमारत अठराव्या शतकाच्या पहिल्या पंचविशीतली आहे. तिच्या रचनेचे श्रेय आंतोनियो जुआंव द फ्रियास या धर्मगुरूला दिले जाते. हा फ्रियास लिस्बनहून आलेला नव्हता. तो तिसवाडीतीलच तळावलीचा गोमंतकीय होता. ‘पोर्तुगीजांनी बांधलेले’ हे विधान येथेच डळमळू लागते.

७/ फ्रियास लेखकही होता. गोव्यातील ख्रिस्ती ब्राह्मणांच्या कुलीनतेचा पुरस्कार करणारे त्याचे पुस्तक १७०२ मध्ये लिस्बनमध्ये छापले गेले. एतद्देशीय धर्मगुरूंना दुय्यम लेखणाऱ्या सत्तेला तिच्याच भाषेत दिलेले हे उत्तर होते. असा माणूस आपल्या भूमीत चर्च उभारतो, तेव्हा त्याला केवळ परकीयांचा कारागीर म्हणता येत नाही.

८/ मात्र फ्रियासला थोर बंडखोर ठरवण्याचीही घाई नको. त्याचा अभिमान जातीचा होता. १७१३ मध्ये लिओनार्दो पायस याने चारडो, म्हणजे स्वतःस क्षत्रिय मानणाऱ्या ख्रिस्ती समाजाच्या बाजूने लिहिलेले पुस्तक प्रसिद्ध झाले. धर्म बदलला, पण जातीची उतरंड चर्चच्या दारातून आत आली. वास्तूच्या इतिहासात हेही नोंदवले पाहिजे.

९/ आता बांधकामाकडे. गोव्याच्या चर्चचा मुख्य दगड जांभा. तो खाणीतून काढताना मऊ असतो, हवेत कठीण होतो. पण सच्छिद्र असल्याने पावसाचे पाणी शोषतो. म्हणून चुन्याचा गिलावा आणि वरचेवर सफेदी. जुन्या खिडक्यांत काचेऐवजी शिंपल्यांच्या पातळ चकत्या. आराखडा युरोपचा असला, तरी साहित्य आणि पावसाशी झगडण्याची रीत कोकणचीच.

१०/ दर्शनी भागाच्या दोन्ही बाजूंना मनोरे, आत चुन्यातले भरगच्च नक्षीकाम: ही भाषा बरोक शैलीची. पण कलेतिहासकार जुझे परेरा यांनी गोव्यातील अशा वास्तूंना युरोपची नक्कल मानले नाही. ‘भारतीय बरोक’ अशी स्वतंत्र शाखा मानून त्यांचा अभ्यास केला. हा निवाडा केवळ अभिमानाचा नाही. वरील पुरावा त्याला बळ देतो.

११/ देवाणघेवाण उलट दिशेनेही झाली. मंगेशी किंवा कवळ्याची शांतादुर्गा पाहावी: अष्टकोनी बैठकीवरचा घुमट, अर्धवर्तुळाकार कमानींच्या खिडक्या. ज्या देवांना चर्चच्या सत्तेमुळे स्थलांतर करावे लागले, त्यांच्याच नव्या देवळांनी चर्चच्या वास्तुकलेतले घटक स्वीकारले. या देवळांना कोणी ‘पोर्तुगीज देवळे’ म्हणत नाही. मग दिवाडीच्या चर्चला वेगळा न्याय का?

१२/ यावर एक आक्षेप रास्त आहे: रचनाकार स्थानिक होता म्हणून १५४० चा विध्वंस सौम्य होतो का? मुळीच नाही. पण विध्वंसाचा हिशेब दीडशे वर्षांनंतरच्या गवंड्याच्या आणि आज तेथे प्रार्थना करणाऱ्या गावकऱ्याच्या नावावर मांडणे हाही इतिहास नव्हे. हुकूम देणारे आणि त्यानंतर जगत राहिलेले, हे दोन वेगळे गट आहेत.

१३/ पर्यटनपत्रिका देऊळ वगळते. संतप्त लेख फ्रियासला वगळतो. दोघांनाही अर्धीच टेकडी दिसते. परिचयफलकावर तिन्ही गोष्टी हव्यात: येथे देऊळ होते, ते पाडले गेले, आणि नंतरचे हे चर्च गोमंतकीय धर्मगुरूने रचले. फलकावरचे नाव बदलले की वारसाही बदलतो. परक्याची म्हणून सोडून दिलेली वास्तू ढासळते. आपली म्हटलेल्या वास्तूला पावसाळ्यानंतर सफेदी मिळते.