सायकलीची वाट

पुण्याला एके काळी ‘सायकलींचे शहर’ म्हणत, आणि ते खरेही होते. तासाच्या भाड्याने सायकल मिळे. रात्री दिवा नसला किंवा मागे मित्राला ‘डबलसीट’ घेतले, की पोलीस हटकून पकडी. सकाळी खडकीच्या दारूगोळा कारखान्याकडे सायकलींचा लोंढा निघे. तेव्हा सायकलीसाठी वेगळी वाट कुणी मागितली नाही, कारण सगळा रस्ताच तिचा होता. आता सायकली आटल्या आणि वाटा आल्या. कर्वेनगरात तर सायकलींचे संग्रहालयही आहे!

हॉलंडातल्या उत्रेख्त शहरात सायकलींसाठी स्वतंत्र वाट १८८५ साली झाली. आमच्या सातारा रस्त्यावर स्वारगेट ते कात्रज जलद बसचा मार्ग २००६ साली सुरू झाला आणि त्या योजनेबरोबर कडेचे सायकलमार्ग आले. पुढे २०१७ च्या डिसेंबरात साऱ्या शहराचा सायकल आराखडाही मंजूर झाला.

या वाटेवरून मी रोज सकाळी फिरतो. पहाटे तिच्यावर आम्हा पेन्शनरांचे राज्य असते. मग कुत्र्यांना फिरवणारे येतात. पाठोपाठ वर्तमानपत्रांचे गठ्ठे सुटतात. दहाच्या सुमारास स्कूटरी ओळीने उभ्या राहतात, दुपारी वडापावची गाडी लागते आणि संध्याकाळी कॉलेजातली मुले कठड्यावर बसून जगाचा निकाल लावतात. रस्ता तुंबला की मोटारसायकली तिच्यावरूनच उलट्या दिशेने सुटतात. म्हणजे सायकल सोडून ती वाट सर्वांच्या उपयोगाची! मला त्यात फारसे वावगे वाटत नसे. वाड्याबरोबर ओटा गेला. माणसांनी बसावे तरी कुठे?

यंदा जूनमध्ये आमच्या नातीने शिकवणीला सायकलवरून जायचा हट्ट धरला. नात आठवीत. सूनबाई म्हणाली, “या रहदारीत? मुळीच नाही.” मी मध्ये पडलो. म्हटले, “अगं, सायकलीला वेगळी वाट आहे. मी जामीन राहतो.” सासऱ्याची जामीनकी तिने नाइलाजाने स्वीकारली.

पहिल्या दिवशी मी फाटकाशी उभा राहिलो. नात ऐटीत निघाली. पन्नास पावले गेली असेल नसेल, तोच वाटेत एक मोटार आडवी. पोरगी उतरली, सायकल कडेवरून खाली घेतली आणि भर रस्त्यावर आली. मागून येणाऱ्या बसने असा भोंगा दिला, की माझे पाय लटपटले. बस पुढे गेली. नात पलीकडे सुखरूप दिसली, तेव्हा कुठे श्वास परत आला.

मग मला संताप चढला. खिशातून पेन काढले. म्हटले, याचा नंबर टिपून चांगली तक्रार ठोकतो. मोटारीपाशी गेलो, नंबर वाचला, आणि पेन गुपचूप खिशात ठेवले.

मोटार आमचीच होती.

रात्री आवारात जागा नव्हती म्हणून चिरंजीवांनी ती तिथे लावली होती. आणि “लाव तिथेच, तिथून कुठे सायकली जातात?” हे शब्द माझेच होते.

संध्याकाळी सगळे जेवायला बसल्यावर मी कबुली दिली. सूनबाई काही बोलली नाही. ते बोलण्यापेक्षा जड गेले. नात मात्र म्हणाली, “आजोबा, गाड्या लावल्या म्हणून सायकली येत नाहीत, आणि सायकली येत नाहीत म्हणून गाड्या लावतात. आधी कोण हलणार?”

चिरंजीव हलले. आता ते मोटार मागच्या गल्लीत लावतात आणि पाच मिनिटे चालत, कुरकुरत घरी येतात. शेजारच्या दोघांच्या गाड्याही हळूहळू हलल्या. तिसरे अजून विचार करताहेत. आमच्या फाटकापुढचा तुकडा तरी मोकळा आहे, आणि त्यावरून हल्ली नातीच्या दोन मैत्रिणीही जातात.

दिवाळीत दाराबाहेर पणत्या ठेवाल, तेव्हा वाचकहो, जरा पुढे होऊन तुमच्या फाटकासमोर कुणाची गाडी उभी आहे ते पाहा. नंबर ओळखीचा निघाला, तर मला हसू नका.