गाडीचं पासिंग बघूनच माल भरा

आज फवारणीचं नाही, गाडीचं बोलायचं आहे. टोमॅटोची तोडणी सुरू झाली की मिळेल ती पिकअप लावली जाते. "पासिंग संपलंय, पण मार्केट जवळच आहे, काय होतंय?" असं म्हणणारे बरेच आहेत.

मालवाहू गाडीचं पासिंग पहिली 8 वर्षं दर 2 वर्षांनी आणि पुढे दरवर्षी करावं लागतं. ते संपलं की कायदा त्या गाडीची नोंदणीच वैध धरत नाही. पहिल्यांदा पकडली तर 5,000 रुपयांपर्यंत दंड. दंडाचं एक वेळ सोडा. अपघात झाला तर विमा कंपनी आधी याच मुद्द्यावर बोट ठेवते, आणि मालासोबत केबिनमध्ये बसलेला माणूस आपल्याच घरचा असतो. (क्रेटवर मजूर बसवणं तर पासिंग असलं तरी चूकच.)

हंगामात गाड्या मिळत नाहीत, हे खरं आहे. म्हणून तोडणीच्या आठवडाभर आधीच गाडी ठरवा. दोघा-तिघांनी मिळून केली तर भाडंही वाटलं जातं. एमपरिवहन अॅपवर गाडीचा नंबर टाकला की फिटनेस, विमा, पीयूसी सगळ्यांच्या तारखा दिसतात. दोन मिनिटांचं काम.

पासिंग संपलेली गाडी आपल्या संकलन केंद्रावर भरूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. एखादा दिवस माल थांबला तरी चालेल.

ज्यांची स्वतःची पिकअप आहे त्यांनी ब्रेक, मागचे दिवे आणि रिफ्लेक्टर पट्टी आत्ताच बघून घ्या. पासिंगपुरते दुसऱ्याचे टायर लावू नका!

– कृषी सल्लागार