पावसाचा पडदा आणि गळका नळ

मेन बिल्डिंगच्या पोर्चमध्ये 'रेन कर्टन' म्हणजे पावसाचा पडदा बसवायचा विषय निघाल्यापासून हॉस्टेलवर सरळ दोन पार्ट्या पडल्यात. एक म्हणते, "झकास! गॅदरिंगचे पाहुणे बघतच राहतील." दुसरी म्हणते, "मार्च उजाडला की आपल्या बाथरूमला टँकर, आणि यांना पोर्चमध्ये पाऊस पाडायचाय!" मेसमध्ये भात थंड होईपर्यंत रोज हाच वाद. आवाज दोन्हीकडे भरपूर, आकडे मात्र कुणाकडेच नाहीत. आपण इंजिनियरिंगला आहोत ना? मग आधी गणित मांडू, नंतर भांडू.

समजा, तीन मीटर उंचीवर अडीच मीटर लांबीची एक पन्हळ बसवली. तिच्या तळाला २५ मिलिमीटर अंतरावर २ मिलिमीटरची १०० भोकं पाडली. पन्हळीत ५ सेंटीमीटर पाणी कायम ठेवलं, तर टॉरिसेलीच्या सूत्रानं पाणी सेकंदाला जवळपास १ मीटर वेगानं सुटतं. डिस्चार्जचा गुणांक ०.६ धरा. एका भोकातून मिनिटाला जेमतेम ११० मिलिलिटर, म्हणजे अख्ख्या पडद्यातून ११ लिटर. रोज आठ तास चालवला तर सव्वापाच हजार लिटर!

विरोधी पार्टी इथे टाळ्या वाजवणार. पण थांबा. हे वाहणारं पाणी आहे, संपणारं नव्हे. खालच्या हौदातलं तेच दोनशे लिटर पाणी पंपानं वर जातं आणि पुन्हा खाली येतं. कमी होतं ते वाफ होऊन उडालेलं आणि वाऱ्यानं बाहेर शिंतडलेलं. प्रवाह आणि वापर यांत गल्लत केली तर व्हायव्हाला बाहेरचे एक्झामिनर सोडणार नाहीत!

आता दुसरं गणित. सेकंदाला एक थेंब गळणारा नळ घ्या. २० थेंबांचा एक मिलिलिटर धरला तर दिवसाला सव्वाचार लिटर पाणी गटारात. असे चाळीस नळ गळत असतील तर रोज १७० लिटर. म्हणजे पडद्याचा जवळजवळ अख्खा हौद आपण रोज कुणालाही न दिसता ओतून देतो! आणि हे पाणी काही फिरून परत येत नाही. वॉशर काही रुपयांचा, पण नळावर ना उद्घाटनाची पाटी लागते, ना फोटो निघतो.

म्हणून माझं स्पष्ट मत असं, की पडदा जरूर व्हावा. पण तीन अटींवर.

पहिली अट, आधी नळ. हॉस्टेलचा शेवटचा वॉशर बदलल्याशिवाय पोर्चमध्ये एक थेंबही पडता कामा नये. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं. त्या भागातली पोरं आपल्याच विंगमध्ये राहतात. रांगेत बादली घेऊन उभं राहणाऱ्याला "अरे, ते पाणी फिरतं आहे" हे गणित कितीही बरोबर असलं तरी ऐकवू नये.

दुसरी अट, पाणी छतावरचं. शंभर चौरस मीटर छतावर २५ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्यातलं ८० टक्के हाती लागलं, तरी दोन हजार लिटर जमतात. एका दमदार सरीत दहा हौद! हौदाला मीटर बसवा आणि रोजची भर बोर्डावर खडूनं लिहा. साठवलेलं पाणी संपलं की पडदा बंद. टँकरचं पाणी त्यात जाता कामा नये.

तिसरी अट सर्वांत महत्त्वाची. कंत्राटदार नको, आपण बांधायचा. सिव्हिल, मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, तिघांनाही यात काम आहे. पन्हळीचं एक टोक एका सेंटीमीटरनं खाली बसलं तर दोन टोकांच्या प्रवाहात दहा टक्क्यांचा फरक पडतो, तेव्हा लेव्हल ट्यूबचं मोल कळेल. पंप घेताना हॉर्सपॉवर नाही, हेड बघायचा असतो. कूलरचा छोटा पंप तीन मीटर चढवता चढवता धापा टाकेल. पाण्याची सलग धार तुटून थेंब का होतात, हे प्लातो आणि रॅले यांनी १९व्या शतकातच सांगून ठेवलंय, पृष्ठताणामुळे! बोअरच्या जड पाण्यानं भोकांत क्षार बसतात, हौद आठवड्यातून एकदा कोरडा केला नाही तर डास होतात, आणि पाण्याशेजारी वीज म्हटल्यावर १२ व्होल्टचा पंप किंवा ३० मिलिअँपिअरचं आर.सी.सी.बी. हवंच. जर्नल कॉपी करून यातलं काहीएक येत नाही.

यात नवीन काही नाही. राजस्थानात डीगच्या महालात १८व्या शतकात छतावरच्या हौदातून नुसत्या उतारावर कारंजी चालायची, आणि केशव भवनात भर उन्हाळ्यात पावसाळ्याचा भास निर्माण करायचे. आपल्याकडे छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की बघा. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी मातीच्या नळांतून काही किलोमीटर आणलं, उंचावर चढवलं आणि तिथून हौदात पडद्यासारखं सोडलं. शोभा झालीच, पण त्याच पाण्याच्या जोरावर पिठाची चक्कीही फिरली. डीग राजाची हौस होती, पाणचक्कीत हौसेबरोबर पोटाचाही विचार होता. आपण कुणाचा कित्ता गिरवायचा, ते ठरवू या.

नाहीतर काय होतं, हे गावोगावच्या चौकांत दिसतंच. नारळ फुटतो, कारंजं उडतं आणि दोन वर्षांनी कोरड्या हौदात चहाचे कप गोळा होतात. ज्यानं स्वतः भोकं पाडली, तो ती साफही करतो. फायनल इयरनं जाताना ज्युनियर्सना नोट्सबरोबर पन्हळ साफ करायची तारही द्यावी!

प्राचार्य सर, वॉर्डन सर, कोटेशनवर सही करण्याआधी एक रविवार आम्हाला द्या. पाना आणि वॉशर तेवढे स्टोअरमधून मिळू देत. आणि मित्रहो, त्या रविवारी सकाळी झोपून राहू नका. बघा, पटतंय का!