रोग शासनाचा, मात्रा सावकाराची

‘सुधारणा’ या शब्दाला महाराष्ट्रात मोठी परंपरा आहे. आगरकरांच्या पत्राचे नावच ‘सुधारक’ होते. त्याच शब्दाच्या आडून आज सरकारी रुग्णालये खाजगी भांडवलाच्या पदरात टाकण्याचा उद्योग चालू आहे, आणि त्या परंपरेचे वारस म्हणवणाऱ्यांना त्यात काही वावगे वाटत नाही.

हा प्रश्न मंत्रालयातून न पाहता मुरगुडातून पाहावा. वेदगंगेकाठच्या, उसाच्या पट्ट्यातील या गावी शासनाचे ग्रामीण रुग्णालय आहे. शासकीय मानकानुसार अशा रुग्णालयात तीस खाटा आणि शल्यचिकित्सक, फिजिशियन, स्त्रीरोगतज्ज्ञ व बालरोगतज्ज्ञ असे चार विशेषज्ञ असावेत. प्रत्यक्षात या दर्जाच्या रुग्णालयांत देशभर विशेषज्ञांची सुमारे ऐंशी टक्के उणीव असल्याची कबुली केंद्र शासनाच्याच २०२१-२२च्या आकडेवारीत आहे. म्हणजे पाचांपैकी चार खुर्च्या रिकाम्या! उसाच्या फडात सर्पदंश झालेल्या मजुराला प्रतिविष हाताशीच मिळावे लागते. अडलेली बाळंतीण कोल्हापूरच्या सीपीआरपर्यंतचा रस्ता मोजत बसू शकत नाही. निपाणी जवळ खरी, पण ती कर्नाटकात. डिसेंबर २०२४ मध्ये सार्वजनिक आरोग्य आणि वैद्यकीय शिक्षण ही दोन्ही खाती कोल्हापूर जिल्ह्यातील मंत्र्यांकडे आली. तेव्हा गाऱ्हाणे कोणापुढे मांडावे, हा प्रश्न तरी मुरगूडकरांना पडू नये.

खाजगीकरणवाद्यांचा युक्तिवाद वरकरणी बिनतोड आहे. रुग्णाला उपचाराशी कर्तव्य, मालक कोण याच्याशी काय? शासनाने पैसे भरावेत, उपचार खाजगी रुग्णालयाने करावेत. २०१२ साली आठ जिल्ह्यांत सुरू झालेली आणि पुढे महात्मा फुले यांच्या नावाने चालू राहिलेली जीवनदायी योजना याच विचारातून आली. हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी ज्यांना जमीन विकावी लागली असती अशा अनेक कुटुंबांना तिने तारले, हे नाकारणे कोतेपणाचे ठरेल. परंतु ही योजना रुग्ण खाटेवर पडल्यावर जागी होते. मधुमेहाची रोजची गोळी, लेकराचा ताप, रक्ताची तपासणी यांचा भार घरावरच राहतो, आणि सामान्य कुटुंबाला पोखरतो तो हाच भार. शिवाय योजनेचा पैसा रुग्णामागोमाग शहरात जातो. मुरगुडातली रिकामी खुर्ची त्याने भरत नाही.

आरोग्याच्या क्षेत्रात बाजार का फसतो, याची मीमांसा केनेथ ॲरो या अर्थशास्त्रज्ञाने १९६३ सालीच केली होती. आणि ते काही समाजवादाचे प्रचारक नव्हते. भाजी घेणारा वांगे दाबून पाहतो. पोटावर शस्त्रक्रिया हवी की नको, हे मात्र रुग्णाला विक्रेत्यानेच सांगायचे असते. अशा ठिकाणी स्पर्धेने किंमत उतरण्याऐवजी शस्त्रक्रियाच वाढण्याचा धोका असतो.

विम्याच्या पुढची पायरी म्हणजे मालमत्ताच हवाली करणे. जानेवारी २०२० मध्ये नीती आयोगाने जिल्हा रुग्णालये साठ वर्षांच्या कराराने खाजगी वैद्यकीय महाविद्यालयांशी जोडण्याची योजना पुढे आणली. तीत खाटांचे दोन वर्ग केले: ‘नियंत्रित’ आणि ‘बाजार’. जनतेच्या पैशाने, जनतेच्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या रुग्णालयात खाटांनाही वर्णव्यवस्था लागू झाली! ही वाट कोठे जाते, ते मुंबईत मरोळला दिसले आहे. महापालिकेची जमीन सेव्हन हिल्स रुग्णालयाला देताना वीस टक्के खाटा महापालिकेच्या रुग्णांसाठी राखण्याची अट होती. त्या खाटांवरून तंटा झाला, आणि २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या कारवाईत सापडली. २०२०च्या साथीत त्याच इमारतीत करोनाग्रस्तांवर उपचार करण्यास धावून आली ती पुन्हा महापालिकाच.

सरकारी रुग्णालये निर्दोष आहेत असे कोणी शहाणा म्हणणार नाही. २०२३च्या सप्टेंबरअखेर नांदेडच्या शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत चोवीस रुग्ण दगावले. पण दोष कोठून उपजला? भरती रेंगाळत ठेवायची, परिचारिका कंत्राटावर राबवायच्या, औषधखरेदी २०१७ मध्ये हाफकिनकडे आणि २०२३ मध्ये नव्या प्राधिकरणाकडे टोलवायची. आणि सेवा ढासळली की सार्वजनिक मालकीलाच अकार्यक्षम ठरवायचे. ऊस उत्पादकाला ही रीत ठाऊक आहे. सहकारी कारखाना असाच आधी आजारी पाडतात आणि मग लिलावात काढतात.

कार्यक्षमता नफ्याच्या प्रेरणेतूनच येते म्हणणाऱ्यांनी महाडजवळचे बिरवाडी आठवावे. तेथील प्राथमिक आरोग्य केंद्रात सत्तरच्या दशकात रुजू झालेल्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी पुढे प्राझोसिन या स्वस्त औषधाने विंचूदंशाचे मृत्यू रोखता येतात, हे जगाला दाखवले. विंचू चावलेल्या शेतमजुरात कोणत्या भांडवलदाराला नफा दिसला असता?

सुधारणा करायचीच तर ती त्या चार खुर्च्यांपासून करावी. कायम नेमणूक, राहण्यास घर, खाजगी व्यवसायास खरोखरीची बंदी. पैसा नाही ही सबब चालणार नाही. राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०१७ मध्ये सकल देशांतर्गत उत्पादनाच्या अडीच टक्के सार्वजनिक खर्चाचे वचन दिले होते, तेही २०२५ पर्यंत. ती मुदत उलटली आहे. निदान मंजूर पदे किती आणि भरलेली किती, याचा फलक मुरगूडच्या आणि राज्यातील प्रत्येक ग्रामीण रुग्णालयाच्या दारावर आरोग्य खात्याने दर महिन्याला लावावा. एवढ्यासाठी कोणा खाजगी भागीदाराची गरज नाही.