ऐकणे आणि ऐकू येणे

मराठीतले ‘ऐकणे’ हे क्रियापद दोन कामे करते. आवाज कानांनी घेणे हे एक आणि सांगितलेले मानणे हे दुसरे. ‘पोर ऐकत नाही’ या तक्रारीत पोराच्या कानांविषयी कुणालाच शंका नसते. याउलट ‘मला ऐकू येत नाही’ हे वाक्य ‘मला थंडी वाजते’च्या पंगतीतले, तिथे हेतूला जागाच नाही. वर्गात आम्ही हा भेद फळ्यावर लिहून शिकवतो आणि घरी येऊन म्हणतो, ‘आई हल्ली ऐकतच नाही.’ (सून आदरार्थी ‘नाहीत’ म्हणते, एवढाच फरक. आरोप तोच.)

आम्ही म्हणजे महाविद्यालयात मराठी शिकवणारे नवरा-बायको. आई ७६ वर्षांच्या, शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेल्या. ‘स’ आणि ‘श’ यांची गल्लत त्यांनी वर्गात कधी चालू दिली नाही. नेमके असेच वर्ण त्यांच्या कानांतून आधी निसटले.

वार्धक्यातला बहिरेपणा दार धाडकन बंद व्हावे तसा येत नाही. अंतर्कर्णातल्या सूक्ष्म केशपेशी झिजत जातात आणि त्यांतही उंच पट्टीचे ध्वनी टिपणाऱ्या आधी. स्वर खालच्या पट्टीतले, ठसठशीत. ते बराच काळ टिकतात. स, श, त, क, फ ही अघोष व्यंजने मुळातच दुबळी, ती गळतात. मग ‘साप’ की ‘ताप’, ‘ताट’ की ‘पाट’ हे उमगेनासे होते. ‘आवाज येतो रे, शब्द कळत नाही’ हे आईंचे वाक्य आम्ही दोन वर्षे सबब समजत होतो. वस्तुतः ते अचूक निदान होते. आम्ही ओरडत राहिलो. ओरडल्याने स्वर तेवढे फुगतात, ओठांची ठेवण बिघडते आणि झिजलेल्या कानाला मोठा आवाज एकाएकी असह्य होतो. ‘ओरडू नकोस’ असे त्या म्हणाल्या की आम्ही एकमेकांकडे पाहायचो: मघाशी ऐकू येत नव्हते, आता बरे आले!

या संशयाला आपल्या वाङ्मयीन संस्कारानेही खतपाणी घातले आहे. आंधळ्याच्या वाट्याला धृतराष्ट्र आला, श्रावणाचे मायबाप आले, सूरदास आला. बहिऱ्याच्या वाट्याला आला तो हौशी नाटकातला आजोबा, भलत्याच प्रश्नाला भलतेच उत्तर देऊन टाळ्या मिळवून देणारा. विनोदावर बंदी घाला, असे आमचे म्हणणे नाही. डेव्हिड लॉज यांच्या ‘डेफ सेन्टेन्स’ (२००८) या कादंबरीत भाषाविज्ञानाचा निवृत्त प्राध्यापक ऐकण्यातल्या घोटाळ्यांतून जातो आणि वाचक मनसोक्त हसतो. पण लॉज स्वतः श्रवणदोषासह जगत होते. तो विनोद आतून आलेला आहे. आमचा हौशी आजोबा मात्र कायम बाहेरून पाहिलेला. आणि आम्हीही हसलो आहोत, जेवणाच्या पानावर, पाहुण्यांदेखत. त्यानंतर आईंनी पाहुण्यांच्या पंगतीत बसणे सोडले.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते साठीपुढच्या २५ टक्क्यांहून अधिक माणसांना व्यवहारात अडथळा आणणारा श्रवणदोष असतो. आपल्या साहित्यसभांचा श्रोतृवर्ग पाहता तिथे हे प्रमाण कमी भरण्याचे कारण नाही. तरीही वक्ता उठतो, ध्वनिक्षेपक दूर सारतो आणि ‘माझा आवाज पोचतो’ असे जाहीर करतो. कुणाला पोचतो? हा प्रश्न त्याला पडत नाही. मागच्या रांगांतली डोकी डुलतात, कारण न डुलणे अपमानास्पद. आणि त्यालाच आपण रसिकता म्हणून नावाजतो.

घरातले कृत्य याहून वाईट. तीनदा विचारल्यावर आपण म्हणतो, ‘काही नाही, जाऊ दे.’ इतक्या सौम्य शब्दांत माणसाला घरातून बाहेर काढणारे दुसरे वाक्य आम्हांला ठाऊक नाही. यंत्र घेऊन दिले की कर्तव्य संपले, हाही भ्रमच. यंत्र शब्दाबरोबर पंखा आणि कुकरची शिट्टीही मोठी करते. त्यातून बोलणे वेगळे काढायला मेंदूला आठवडे, कधी महिने लागतात. तेवढ्या काळात घरच्यांनी समोर येऊन, उजेडात, टीव्ही बंद करून, सावकाश बोलायचे असते. आम्ही बोललो नाही. यंत्र चार महिने खणात पडून होते, आणि त्यावरही आम्ही म्हणालो, ‘ऐकतच नाही.’

आता ते रोज कानात असते. गेल्या महिन्यात विभागातल्या व्याख्यानाला पाहुण्यांनी ध्वनिक्षेपक बाजूला ठेवला, तो आम्ही पुन्हा त्यांच्या हातात दिला. ते किंचित दुखावले. आई तिसऱ्या रांगेत होत्या. परतताना रिक्षात त्यांनी पाहुण्यांचा एक चुकलेला वाक्प्रचार सांगितला. आमचे उत्तर घरी पोचेपर्यंत थांबले, कारण रिक्षाच्या घरघरीत त्यांना ते कळले नसते.